ट्रंकेखालची माणसं

हल्ली कुणी ना कुणी येऊन मला विचारतं, की तुमच्या छापचित्रांतली माणसं अशी एकेकटी का उभी असतात. विचारणाऱ्याच्या हातात वही असते आणि उत्तर त्याने येतानाच ठरवलेलं असतं: महानगरातला एकाकी माणूस, फाळणी, तुटलेली मुळं. मी मान डोलावते. खरं उत्तर ट्रंकेच्या रुंदीत आहे, पण ते ऐकायला कोणी इतक्या लांबून येत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो होतो. राहायला बराकपूरच्या छावणीतलं एक जुनं सरकारी घर मिळालं. मी रोज गाडीने सियालदाला जायची आणि तिथून चित्रशाळेत. कोरून छापणं हा माझा विषय, आणि त्यातही माझा जीव लिनोलियमवर. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरायचं ते जाड तपकिरी आवरण. त्यावर चित्र कोरायचं, शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. पण ते परदेशातून यायचं आणि बाजारात मिळता मिळत नसे. शाळेतून प्रत्येकाला तळहाताएवढा तुकडा मिळे. त्यात हात चुकला की संपलं; कोरून काढलेलं परत बसवता येत नाही.

धरमतल्ल्याच्या बाजारातली सगळी दुकानं मी पालथी घातली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! आमच्या बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लिनोलियमच होतं, कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या काळातलं, आणि त्यावरून आम्ही रोज चालत होतो.

अडचण अण्णांची होती. घर ताब्यात घेताना सरकारी यादी हातात धरून त्यांनी अर्धा दिवस गुडघ्यांवर काढला होता. खिडकीचा एक कोयंडा नव्हता, तर तो नाही असं लिहूनच सही केली. कचेरीतल्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी मला कधी एक रेघ ओढू दिली नाही.

मार्ग आईने काढला. बदलीच्या नोकरीत ट्रंका कधी पूर्ण रिकाम्या होत नाहीत. आमच्या चार ट्रंका भिंतीला लावून, वर चादर घालून आम्ही बैठक केली होती. आई म्हणाली, "ट्रंकांखालचं घे. तिथे झाडूसुद्धा जात नाही." आणि म्हणाली, "अण्णांना विचारू नकोस. विचारलंस तर त्यांना उत्तर द्यावं लागेल."

ट्रंक दीड फूट रुंद. कडेने थोडं सोडायला हवं होतं, नाहीतर दिसलं असतं. जास्तीत जास्त चित्रं व्हावीत म्हणून उरलेल्या पट्टीतून मी अकरा उभे तुकडे काढले, प्रत्येक वीतभर रुंद. एवढ्यात एक माणूस मावतो, तोही सडपातळ असेल तर. दारावर येणारा मासेवाला फार देखणा होता, पण पोटामुळे कलेला मुकला. पोस्टमन आत आला, धोबीण आली, रुळांजवळचा कंदीलवाला आला. माझ्या प्रेरणा अशा अंगकाठीवर ठरत होत्या. वर्गातली बाकीची मुलं मोर्चे कोरायची, निर्वासितांचे लोंढे कोरायची. माझं काम बघून आमचे शिक्षक, मास्टरमोशाय, विचारत, "बाकीची माणसं कुठे गेली?" मी खाली मान घालून उभी राहायची. ते त्याला विनय समजत.

थंडीत लिनोलियम कडक होतं, म्हणून मी ते शेगडीपाशी धरून मऊ करायची. मग त्यातल्या जवसाच्या तेलाचा वास सुटे. एकदा अण्णांनी विचारलं, हा वास कसला? आई म्हणाली, जवसाची चटणी करतेय. आणि मग खरंच करावी लागली. अण्णांनी ती ट्रंकांवर बसून, पेपर वाचत, आवडीने खाल्ली.

माझं सगळ्यात चांगलं चित्र अण्णांचंच आहे. बराकपूरच्या फलाटावर उजव्या हातात छत्री धरून ते इतके ताठ उभे राहत, की तुकडा जणू त्यांच्याच मापाने कापला होता. प्रदर्शनात त्या चित्रापुढे गर्दी झाली. अण्णा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मी छत्री डाव्या हातात धरत नाही." एवढंच. मला इतका राग आला, की छापात सगळं उलटं होतं हेही मी सांगितलं नाही.

मग त्यांची नागपूरला बदली झाली. नवा अधिकारी चार वाजता घराचा ताबा घ्यायला येणार होता. मला घर सुटायचं काही वाटत नव्हतं. भीती होती ठशांची, म्हणजे त्या कोरलेल्या तुकड्यांची. अण्णांच्या लेखी सरकारची वस्तू सरकारला परत जायची, आणि ठसे गेले की माझं तीन वर्षांचं काम गेलं. ठसा नसेल तर चित्र पुन्हा छापता येत नाही.

हमालांनी ट्रंका उचलल्या. खाली उघडं सिमेंट. अण्णांनी यादी उघडली. मी आत जाऊन ठसे आणले आणि एकेक करून जागच्या जागी बसवले. अकरा माणसं शेजारी शेजारी आडवी झाली. मास्टरमोशायना हवी होती ती गर्दी एकदाची जमली. मला रडू येत होतं, आणि त्या यादीचा भयंकर राग येत होता.

अण्णा गुडघ्यांवर बसले. यादीत लिनोलियमसमोर त्यांनी इंग्रजीत लिहिलं, 'खराब झाले'. थांबले, आणि ते खोडलं. सरकारी कागदावर त्यांनी केलेली खाडाखोड मी तेवढीच पाहिली. शेजारी लिहिलं, 'मुलीने छापचित्रांसाठी वापरले. भरपाई माझ्याकडून घ्यावी.' खाली सही केली. माझ्या कामाबद्दल त्यांनी आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही.

"उचल ते," ते म्हणाले. "कुणाचा तरी पाय लागेल."

मी दहा उचलले. अकरावा त्यांनी घेतला होता. खिडकीपाशी नेऊन, उजेडात तिरपा धरून ते पाहत होते.

"यात बरोबर आहे," म्हणाले. छत्रीवरून एकदा अंगठा फिरवला आणि तो ठसा आपल्या ट्रंकेत, धोतरांच्या घड्यांमध्ये ठेवून दिला.