ट्यूबाआजोबांना नमस्कार

"ओढू नका, पोट्टीची मान हातात येईल!" संगीतवर्गाचे सर ओरडले. माझ्या लेकीचं डोकं ट्यूबा या अगडबंब फुंकवाद्याच्या पितळी भोंग्यात अडकलं होतं आणि तलावाकाठची आमची अख्खी तेलीबांधा वस्ती, तलावातल्या माशांसकट, बघायला जमली होती.

सिम्फनी ऑर्केस्ट्राची वाद्यं दाखवताना सर व्हायोलिनला मावशी म्हणतात, चेलोला काका, अन् मुलांना प्रत्येकाच्या पाया पडायला लावतात. ट्यूबा म्हणजे आजोबा. लेक जरा जास्तच वाकली.

"भिऊ नको बाई, आजोबा गाऊन राहिले," म्हणत सरांनी दुसऱ्या टोकाला तोंड लावून हळूच फुंकलं. रेकणाऱ्या म्हशीसारखा सूर निघाला. लेक खदखदून हसली, मान सैल पडली आणि डोकं अलगद सुटलं. माझा जीव भांड्यात पडला.

"दुखलं का गं?" मी विचारलं.

"आजोबा ब्रश नहीं करते," ती नाक मुरडत म्हणाली.