साडेपाच घंट्याचा रस्ता

मी सिंगापूरला निघाले त्या सकाळी आंधळगावच्या स्टँडवर बाबांनी जमलेल्या सगळ्यांना मोबाइल दाखवला. ते निवृत्त मास्तर. आकडा सापडला की शिकवल्याशिवाय राहवत नसे. "मुंबई ते सिंगापूर, फक्त साडेपाच घंटे. आपल्या इथून पुण्याले जायाले याच्याहून जास्त लागते." आई पदरानं डोळे पुसत होती, म्हणून ते मुद्दाम मोठ्यानं बोलत होते.

तो आकडा गावानं पाठ केला आणि सात वर्षं माझ्या मानगुटीवर बसवला. लग्नाला आले नाही, की साडेपाच घंटे. बारशाला आले नाही, की साडेपाच घंटे. विमान मुंबईहून उडतं, आंधळगावाहून नाही, हे फोनवर किती जणांना सांगितलं असेल. तीन तास आधी पोहोचा, इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहा, टर्मिनल बदला, नागपूरच्या विमानाची वाट बघा, मग रस्त्यानं भंडारा, मोहाडी. तुमच्यापैकी जे दुबईला, मस्कतला गेलात त्यांना हे सांगायला नको. बाकीचे ऐकतच नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसला जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, दादाचा फोन आला. बाबा पहाटे झोपेतच गेले होते. पुढच्या स्टेशनला उतरले, दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं आणि दादाला कळवलं, "नागपूरचं शेवटचं विमान सापडत नाही. मले उद्या सकाळ होईन. थांबू नका."

त्याला पटलं, मोठ्या आत्याला नाही. "साडेपाच घंट्याचा तं रस्ता आहे. पोरगी आल्याबिगर माझ्या भावाले नेऊ देत नाही," म्हणत ती दारात बसली. गाव दिवस मावळेपर्यंत ताटकळलं. मग बाबांना नेलं.

मी दुसऱ्या दिवशी साडेदहाला पोहोचले. घर सोडल्यापासून पुरा एक दिवस उलटून गेला होता. आत्यानं जवळ घेतलं नाही. "काहून उशीर केला वं?" एवढंच विचारलं. बाबांच्या फोटोसमोर उभी राहून मी विमानांच्या वेळा सांगायला लागले, आणि मध्येच थांबले. लाज वाटली. चीडही आली, आत्याची, विमानांची आणि खरं सांगते, बाबांचीही.

यंदा आईला इकडे घेऊन आले. मुंबईच्या विमानतळावर तिचे पाय सुजले. "अजून किती वं तुझं सिंगापूर?" तिनं तीनदा विचारलं. फ्लॅटवर पोहोचल्यावर पाणीही न पिता तिनं आत्याला फोन लावायला सांगितला.

"बाई, पोरीले आता काही बोलू नका. मी काल सकाळी निघाली, तं आत्ता पोहोचून राहिली."

त्या दिवशी आत्यानं साडेपाच घंट्यांचं नावही काढलं नाही. मला वाटलं, सुटले एकदाची.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना आई म्हणाली, "माझ्या टायमाले कोणासाठी थांबू नका म्हणून दादाले सांगून ठेवलं. तवा धावत येऊन काय करशीन? मी आहे तवर येत जा."

मी चिडून उठले, कप धुवत राहिले. इतकी वर्षं मी फक्त वेळेचा हिशेब समजावत होते. घरी जाऊन नुसतं बसायला मी शेवटची कधी गेले होते, ते आठवेना.

आई परत गेली. मी एका महिन्याच्या रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात आजारपण, लग्न, मृत्यू असे पर्याय होते. मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं, आई बरी आहे.