तिथं माणूस हाय

फोन आला तेव्हा मी दिघीहून सुटलेल्या फेरीबोटीत उभा होतो आणि काखेत माझ्या बायकोचा, हिराचा पाट होता. समोर आगरदांडा दिसत होता. तिथं उतरायचं, मुरूड गाठायचं, मग अलिबागची एसटी, मग सरकारी हॉस्पिटल आणि वॉर्डात ती. डोक्यात एवढंच होतं. तिच्याजवळ पुतण्या होता. आम्हाला मूलबाळ नाही, तोच आमचा मुलगा. तो फोनवर नुसतं "काका" म्हणाला आणि रडायला लागला. मी म्हटलं, कळलं… बोट काही मधेच माघारी वळत नाही. पाट खाली ठेवला आणि त्याच्यावर बसलो. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बसलो असेन. दुसरं कुणी त्याच्यावर बसलेलं तिला खपायचं नाही. कुणी शहरातली बाई खाडीचे फोटो काढत होती, ती म्हणाली जरा सरका. सरकलो.

पाटाचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हिरा म्हसळ्याच्या बाजारात मासळी विकायची. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईबरोबर जायची, आई गेल्यावर एकटी. त्या बाजारात प्रत्येक बाईचा बसायचा लाकडी पाट असतो. विक्री संपली की तो कुणी घरी नेत नाही, आपल्या जागेवर उलटा टाकून जायचं. मग ती बाई आजारी पडो, बाळंतीण होवो, कुणाच्या मयताला जावो, तिच्या जागेवर दुसरी बसत नाही. पाट आहे म्हणजे तिथं माणूस आहे. पाट उचलून नेला की जागा सोडली. यावरून तिथं कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही, आणि बाकी कशावरूनही त्या बाजारात भांडण होतं.

हिरा बुटकी. टोपलीमागं बसली की नुसतं डोकं दिसायचं. पण आवाज स्टँडपर्यंत जायचा. कुणी साहेब पापलेटाचे कल्ले उचकून ताजं आहे का विचारायला लागला की म्हणायची, "तुमच्या आधी उठून आलंय ते." माझं बोलणं लोकांना लागतं, मला ठाऊक आहे. तिचंही लागायचं, पण वर हसू यायचं. आमच्या घरात अहो-जाहो नव्हतं. मी तिला हिरे म्हणायचो, ती मला म्हातारा म्हणायची, मी म्हातारा नव्हतो तेव्हापासून.

काही वर्षांपूर्वी एसटीची पायरी चढताना तिला धाप लागायला लागली. म्हसळ्याच्या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं की हृदयाची एक झडप खराब झालीय, ऑपरेशन लागेल. पण ते सरकारी योजनेत फुकट होतं, घाबरू नका. पनवेलच्या बाजूला एक मोठं खासगी हॉस्पिटल होतं, तिथं योजनेचा बोर्ड लावलेला होता. आम्ही कार्ड घेऊन गेलो. योजनेच्या खिडकीवर सांगितलं, खाट रिकामी नाही, पुढच्या महिन्यात या. बाजूच्या खिडकीवरचा माणूस हळूच म्हणाला, पैसे भरत असाल तर आजच दाखल करून घेतो. मी बाहेर येऊन हिराला म्हटलं, होडी विकून टाकू, जाऊ दे ती योजना. ती भिंतीला टेकून श्वास घेत होती. म्हणाली, "होडी इकलीस तर बरी होऊन मी इकू काय? तुझी दाढी?"

त्या दिवशी परत आलो. दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून पाट उचलला. बायकांना बजावून सांगितलं, जागा सोडलेली नाही, काम झालं की परत आणून टाकते. आणि रात्रीच्या एसटीनं तो पाट घेऊन ही बाई माझ्याबरोबर हॉस्पिटलात. खिडकी उघडायच्या आधी लांबलचक रांग. तिनं रांगेत पाट टाकला आणि बसली. थोड्या वेळानं जीव घाबरा झाला म्हणून मी तिला धरून दाराशी वाऱ्याला नेलं. पाट तिथंच ठेवला, कारण बाजारात असंच करतात, यात काही चूक असेल असं तिच्या मनातही आलं नाही. परत येऊन बघतो तर पाट कचऱ्याच्या डब्याशेजारी आणि आमची जागा गेलेली. सिक्युरिटीवाला तरणा पोरगा होता. म्हणाला, आजी, लाकडाला नंबर नाही मिळत, मागं जा. हिराला श्वास पुरत नव्हता, एकेक शब्द तोडून बोलली, "लाकूड नव्हं ते, बाबा. तिथं माणूस हाय."

तो हसला. रांगेतलं कुणी हसलं नाही. उरणकडचा एक ट्रक ड्रायव्हर होता, त्याची आई तिकडं भिंतीपाशी चादरीवर निजलेली. त्यानं गुपचूप जाऊन पाट उचलून आणला, आपल्या पुढं ठेवला आणि हिराला म्हणाला, मावशी, तुमची जागा. मग काय वाटलं त्याला, पायातल्या चपला काढून आपल्या जागेवर ठेवल्या आणि आईजवळ जाऊन बसला. मग कुणी पाण्याची बाटली ठेवली, कुणी छत्री, कुणी औषधांची पिशवी. आजारी माणसं सावलीत जाऊन बसली आणि रांगेत चपला उभ्या राहिल्या. सिक्युरिटीवाल्यानं एक चप्पल पायानं सरकवली तसा ड्रायव्हर भिंतीपासूनच बोलला, "ए भावा, तिथं माणूस आहे." मग तो पोरगाही नाद सोडून दाराशी जाऊन उभा राहिला.

खिडकीत एक मुलगी होती. आरोग्यमित्र म्हणतात त्यांना, योजनेची माणसं, हॉस्पिटलची नव्हेत. हिरानं तिला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, खाट देणं माझ्या हातात नाही आजी, पण तक्रारीचा फोन लावून देते, तुम्ही बोला. आणि लावून दिलान. हिरानं फोन दोन्ही हातांनी धरला. एवढंच बोलली, "योजनेला खाट न्हाय म्हणतात. पैसे भरले तर हाय म्हणतात. मंग ती खाट येते कुठून, तेवढं मला सांगा." पलीकडून सांगितलं, तक्रार नोंदवली. मी म्हटलं, झालं, आता बस वाट बघत. ती म्हणाली, बसलीच आहे की.

दुसऱ्या दिवशीही बसली. त्याच्या पुढच्या दिवशी नाव पुकारलं. तक्रारीनं खाट आली की खरंच रिकामी झाली, मला आजपर्यंत कळलेलं नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचे हात चांगले होते, खोटं कशाला बोलू. घरी सोडताना बाहेरून आणायच्या औषधांची चिठ्ठी मात्र हातात दिली, ती योजनेत येत नाहीत म्हणाले. नंतर तपासायला गेलो तेव्हा हिरानं सोड्यांच्या पुड्या नेल्या होत्या, स्वतः सोललेल्या, उन्हात वाळवलेल्या कोलंबीच्या. एक डॉक्टरला, एक खिडकीतल्या पोरीला, एक सिक्युरिटीवाल्याला. मी विचारलं, त्याला कशाला? पाट फेकलान त्यानं तुझा. तर म्हणते कशी, "दिवसभर उभा असतो. त्याला कुठं पाट हाय."

पाट बाजारात परत गेला आणि हिरा त्याच्यावर. पुढची वर्षं बरी गेली. मासळी घेता घेता लोक तिला विचारायचे, कार्ड कुठं काढायचं, कुठल्या खिडकीवर जायचं. ती सांगायची, आणि सांगून झालं की मासळी घ्यायला लावायची.

यंदा पुन्हा पायाला सूज आली. आडवं झालं की श्वास कोंडायचा. त्याच हॉस्पिटलात गेलो. बोर्ड नव्हता. जिथं खिडकी होती तिथं औषधांचं दुकान झालं होतं. काउंटरवरच्या माणसानं नीट सांगितलं, आम्ही योजनेतून बाहेर पडलो, सरकारकडून पैसे वेळेवर येत नाहीत. खरंही असेल. होडीच्या डिझेलचा सरकारी परतावा आम्हाला कधी मिळतो ते मी जाणतो, त्यामुळं त्या माणसाला मी शिव्या दिल्या नाहीत. पण भांडण तुमचं आणि सरकारचं, आणि दारात धापा टाकत उभी राहिली ती माझी बायको. एक कागद तरी चिकटवायचा होता म्हसळ्याच्या दवाखान्यात, की इथं येऊ नका. अर्धा दिवस प्रवास करून आलो होतो. हिरा औषधांच्या बरण्यांकडं बघत होती. म्हणाली, "ती पोर कुठं गेली रं?" मग म्हणाली, चल.

अलिबागला सरकारी हॉस्पिटलात लगेच घेतलं. नर्सबाई मायेनं करायच्या. डॉक्टर म्हणाले उशीर झालाय, मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात पाठवायला लागेल, कागद तयार करतो. हिरा म्हणाली, मांडव्याहून बोटीनं ने, गाडीत मला मळमळतं. तिला निजता येत नव्हतं, खाटेवर बसून असायची. खाट उंच, ही बुटकी. सुजलेले पाय नुसते लोंबत राहायचे. एका सकाळी म्हणाली, "म्हसळ्याला जा. माझा पाट आण, पायाखाली घ्यायला."

मी म्हटलं, इथं स्टूल मागतो.

"स्टूल नको. पाट आण."

"आनि जागा?"

तिनं आपल्या सुजलेल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाली, "बेबीला सांग, बस म्हनावं. कवापासून दाराशी उन्हात बसते ती."

बेबी म्हणजे आमच्या आळीतली सून, नवी विकायला लागलेली, तिला शेडमध्ये जागा मिळालेली नव्हती. मला सगळं कळलं. मी वाद घातला नाही… बाजारात जाऊन पाट उचलला तेव्हा बायकांचं बोलणं थांबलं. मी बेबीला निरोप सांगितला आणि निघालो. घरी जाऊन अंघोळ केली, तिचं एक लुगडं घेतलं आणि दिघीला फेरीबोट पकडली.

तिचं बारावं झाल्यावर पाट घेऊन पुन्हा बाजारात गेलो. वाटलं, जागा तिची होती, पाटही तिथंच असू दे. बेबी त्या जागेवर बसली होती, स्वतःचा नवा पाट आणून. मला बघून उठली. मी पाट पुढं केला तर तिनं हात मागं घेतले. म्हणाली, "जागा दिलीन तिनं, बाबा. पाट न्हाय दिलान. तो तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे." आणि पिशवीत बोंबील भरून दिले, पैसे घेतले नाहीत.

आता पाट घरात आहे, खाटेसमोर, ती निजायची त्या बाजूला. माझे पाय जमिनीला टेकतात, मला त्याचा उपयोग नाही. परवा आशाताई आली होती, म्हाताऱ्या माणसांचं नवं कार्ड निघतंय म्हणून. मला नको होतं. पण हिरानं ऐकवलंच असतं, म्हणून म्हटलं काढ. मोबाइलला रेंज खाटेपाशीच येते, तिथं बसायला म्हणून तिनं पाट ओढला.

मी म्हटलं, "ताई, खुर्ची घ्या. तिथं माणूस हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पाट होता तिथं परत नीट ठेवला आणि खुर्ची ओढून घेतली.