मागच्या सीटवरच्या शितोळेबाई

शितोळेबाई पहिल्या दिवशी कुणालाही गाडी चालवायला देत नसत. आपली जुनी करडी स्कूटर त्या बडोद्यातल्या तरसालीच्या मैदानात अलगद आडवी करत, दोन पावलं मागे होत आणि म्हणत, "उचल." चाळिशीतले गुडघे आणि ओढण्या सांभाळत आम्ही त्या धुडाशी झटायचो. बाई मदतीला येत नसत. नुसतं सांगत, "पाठ गाडीकडे कर, कंबर सीटला टेकव आणि पायांच्या जोरावर उठ." गाडी उभी राहिली की दुसरीची पाळी. "पडली तर उचलणार कोण, ही निम्मी भीती असते," त्यांचं म्हणणं. "ती आधी काढून टाकू, मग बाकीचं बघू."

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. फतेगंजमधल्या एका शाळेत गणित शिकवत होते. इतकी वर्षं हे मला स्कूटरवरून शाळेत सोडून पुढे कामावर जात. मग त्यांची बदली अंकलेश्वरला झाली आणि सकाळी सहाच्या गाडीने त्यांचं येणं-जाणं सुरू झालं. स्कूटर जिन्याखाली उभी राहिली आणि माझ्या वाट्याला शटल रिक्षा आल्या. शटल भरल्याशिवाय हलत नाही. पहिली भरून स्टेशनला पोचेपर्यंत अर्धा तास, तिथे दुसरी भरायची वाट वेगळीच. एकदा तर स्टेशनवरच्या रिक्षावाल्यांचा संप होता म्हणून मी स्टेशनपासून शाळेपर्यंत धावत गेले आणि घामाघूम होऊन प्रार्थना संपल्यावर पोचले. मुख्याध्यापिका चांगल्या बाई होत्या. बोलावून शांतपणे म्हणाल्या, "वंदनाबेन, दिवाळीपर्यंत काही सोय करा. नाहीतर मला दुसऱ्या टीचर बघाव्या लागतील."

जिन्याखाली गाडी असून मी ती का चालवत नव्हते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. कॉलेजात असताना बाबांची स्कूटर घेऊन मी धाकट्या मंजूला मागे बसवून निघाले होते. इथल्याच लालबागजवळ खडीवरून चाक घसरलं. मला खरचटलंही नाही. मंजूचा उजवा हात कोपरात मोडला तो कायमचा थोडा वाकडा राहिला. त्यानंतर मी हँडलला हात लावला नव्हता.

शितोळेबाईंचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. घरात त्याची एक तलवारसुद्धा शिल्लक नव्हती, पण बाईंना त्याचा अभिमान होता. स्वतः त्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या आणि नवरा गेल्यावर, पंचेचाळिसाव्या वर्षी, कुणाच्याही मदतीशिवाय गाडी शिकल्या. "घोडा बिचकतो, त्याला थोपटावं लागतं," त्या म्हणत. "ही बिचकत नाही. बिचकते ती वर बसलेली. म्हणून मी तुम्हालाच थोपटते." त्यांचं थोपटणं म्हणजे पाठीत एक धपाटा असे.

त्यांच्या तोंडी एक गुजराती शब्द कायम असायचा, "फावशे." जमेल, असा त्याचा अर्थ. आमच्यातल्या भावनाबेन वळण घेताना डोळे मिटून घेत. बाई त्यांना म्हणाल्या, "फावशे बेन, पण डोळे उघडे ठेवलेत तर लवकर फावशे." मी मैदानात गोल फिरू लागले, आठ काढू लागले, तेव्हाही त्यांनी कौतुक केलं नाही. "फावलं," एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी मला मकरपुरा रोडवर काढलं. कच्चं लायसन्स पर्समध्ये, हेल्मेटचा पट्टा त्यांनी स्वतः ओढून बसवलेला. रस्त्याच्या मध्यावर एक गाय रवंथ करत बसली होती. मी हॉर्नवर हात ठेवून थांबले. बाई आपल्या गाडीवरून शेजारी आल्या आणि म्हणाल्या, "ती तुझं ऐकून उठणार नाही. तिच्या शेपटीकडून जा. तोंडाकडून कधी जायचं नाही." बडोद्यात हे अजून उपयोगी पडतं.

महिनाभराने बाई म्हणाल्या, "उद्या मी तुझ्या मागे बसणार. मागे माणूस घेऊन चालवता आली की माझं काम संपलं."

मी नाही म्हटलं. एकटीने शाळेत जाईन, तेवढं पुरे. बाईंनी कारण विचारलं नाही. मग मी मैदानाच्या कट्ट्यावर बसून मंजूचं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही "जाऊ दे" म्हटलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, "मंजू काय म्हणते?"

"ती काहीच म्हणत नाही."

"तू विचारलंस?"

वीस वर्षांत मी विचारलं नव्हतं. मंजू समाला राहते, बडोद्याच्या दुसऱ्या टोकाला. दिवाळीला, सणावाराला भेटतो, पण तो विषय दोघी टाळत आलो होतो. त्या संध्याकाळी मी फोन केला आणि गाडी शिकतेय असं सांगितलं. मला वाटलं, ती दुखावणार.

"ताई," ती म्हणाली, "मी सहा वर्षं गाडी चालवतेय."

"त्या हाताने?"

"त्याच हाताने. तुला कळलं तर परत सगळं आठवेल, म्हणून नाही सांगितलं. तू येणार असलीस की गाडी शेजाऱ्यांकडे लावत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शितोळेबाईंना मागे बसवलं आणि समाला निघाले. बाई वजनदार होत्या. पहिल्या सिग्नलला गाडी डोलली तेव्हा त्यांचे हात माझ्या खांद्यावर होते तसेच राहिले, घट्टही झाले नाहीत. काळ्या घोड्याच्या चौकात चारी बाजूंनी गाड्या आल्या आणि मी ब्रेक दाबला. "पुढच्या रिक्षाच्या मागे राहा," त्या कानाशी म्हणाल्या, "ती वाट काढते, आपण जायचं." समाला मंजू सोसायटीच्या फाटकात उभी होती. बाई उतरल्या, मंजूकडे बघून म्हणाल्या, "तू बस आता. मी चहा टाकते, स्वयंपाकघर दाखवून जा." मंजू हसली. तिने वाकड्या हाताने माझ्या कमरेला धरलं आणि आम्ही दोघी सोसायटीला एक फेरी मारून आलो. परत येईपर्यंत बाईंनी अनोळखी घरात साखर शोधून काढली होती.

दिवाळीनंतर मी वेळेवर शाळेत पोचू लागले. आजही त्याच शाळेत आहे.

पुढच्या पावसाळ्यात बाईंचं आम्हाला न सांगितलेलं एक दुखणं बाहेर आलं. काचबिंदूने त्यांची नजर जात होती. डॉक्टरांनी बंदी घालायच्या आधीच त्यांनी स्वतः एका रविवारी किल्ली भावनाबेनच्या हातात ठेवली आणि सांगितलं, "आजपासून मी मागच्या सीटवर." त्यांच्या आवाजात रडं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी कुणाला धपाटाही घातला नाही. त्यानंतर दीड वर्ष आम्ही पाळीपाळीने त्यांना मैदानावर आणत होतो. लिंबाखाली खुर्ची टाकून त्या नुसत्या आवाजावरून शिकवत. "कोण आहे ती? रेस का देतेयस एवढी? ब्रेक आणि रेस एकदम नको." आम्ही बघत असून आम्हाला जे दिसत नसे, ते त्यांना ऐकू येई.

मागच्या वर्षी मुलीने त्यांना नाशिकला नेलं. निघताना मी रडले तर म्हणाल्या, "अगं, मी गावाला चाललेय, वर नाही." मला मात्र काळजी लागून राहिली. बडोद्यात निम्मं शहर त्यांना ओळखत होतं. तिथे चौथ्या मजल्यावर, धड न दिसणाऱ्या डोळ्यांनी, त्या काय करणार, हे मनातून जाईना. सुरुवातीच्या फोनवर त्या कमी बोलत. जेवले, झोपले, नातवाची परीक्षा आहे, एवढंच.

गेल्या महिन्यात सकाळी आठला फोन केला तर मागून इंजिनाची घरघर ऐकू आली. "कुठे आहात बाई?"

"खाली. सोसायटीमागे मोकळा प्लॉट आहे. पाच जणी येतात."

"आणि घरच्यांना चालतं?"

"न चालायला काय झालं? विहीणबाईच आहेत त्यात. सदुसष्ट वर्षांच्या. कालपासून वळणं घेतायत." मग त्या थबकल्या. "थांब, आवाज बदलला. बहुतेक एक हात सोडून मला टाटा करतायत. ठेव तू फोन, मला ओरडायचंय."