नव्वद मीटर विहीर

माझ्या धाकट्या भावाला रत्नागिरीतल्या एका कार्यालयाने 'हात चुकतो' म्हणून काढलं. काम साधं होतं. गावोगावच्या विहिरींची मोजणी कागदावर येई. तोच कागद दोघांनी, एकमेकांचं न बघता, संगणकात भरायचा. आकडे जुळले नाहीत तर मूळ कागद काढायचा. साहेब कागद काढत नसत. दुसरा माणूस जुना, म्हणून त्याचाच आकडा खरा धरत. भाऊ मुंबईला गेला आणि तिथेच तापाने गेला. शेवटपर्यंत म्हणत होता, "ताई, एकदा कागद बघायला हवा होता गो त्यांनी."

पुढे ती जागा पुन्हा निघाली, तेव्हा मी अर्ज केला. माझं आडनाव सासरचं. कुणी ओळखलं नाही.

आकडा जुळला नाही की मी मूळ कागद मागत असे. चूक बहुतेक त्या जुन्या माणसाची निघे. मी ती मोठ्याने वाचे, सावकाश. मग एकाएकी सगळं जुळायला लागलं.

"बघा मॅडम, बसला की नाही हात तुमचा?" तो हसून म्हणाला.

तो माझ्या मागे बसे. माझ्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्याकडे बघताना खिडकीच्या काचेत दिसे.

मी संधीची वाट बघत थांबले. देवरुखकडच्या आमच्या गावाचा गठ्ठा आला, त्यात आमच्या परड्यातली विहीर होती. भावाने नि मी तिच्यात कितीदा कळशी पाडली असेल. कागदावर खोली नऊ मीटर, बरोबर. मी नव्वद भरली.

संध्याकाळच्या जुळणीच्या यादीत दोघांचेही नव्वद.

"साहेब, कातळात नव्वद मीटर विहीर कोण खणतं? कागद काढा."

त्यांनी काढला. "म्हणजे दोघंही चुकलात?"

"मी मुद्दाम चुकले. हे कसे चुकले, विचारा."

तो खुर्ची सरकवून उठला. "मॅडम, पोरंबाळं आहेत हो मला."

"माझा भाऊ ह्याच खुर्चीवर बसायचा," मी म्हटलं आणि भावाचं नाव घेतलं. त्या जुन्या माणसाचा चेहरा उतरला. भाऊ गेल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

"झालं ना मग? मिटवा आता," साहेब म्हणाले.

मी विहीर परत नऊ मीटर केली. मग कपाटाची किल्ली मागितली. भावाच्या वेळचे गठ्ठे वरच्या फळीवर होते.

"आता हे. एकेक कागद ते वाचतील. साहेब, तुम्ही ऐकायचं."