शेजारची खिडकी

वटारला आमच्याकडे मटण फक्त रविवारी, चर्चमध्ये मिस्सा करून आल्यावर. बाकीचे दिवस मासळी; तिला मटणात कोणी धरत नसे.

शेजारच्या हिंदू काकी श्रावण पाळायच्या. रविवारी आमचं मटण शिजायला लागलं की कुंपणावरून म्हणायच्या, ‘वहिनी, खिडकी लावा, आमच्या ह्यांचं मन चळतं.’ आई मुकाट्यानं लावायची.

ईस्टरआधीच्या आमच्या चाळीस दिवसांच्या उपवासात रविवारीसुद्धा मटण बंद; तेव्हा मात्र त्यांची खिडकी उघडीच! हा कुठला न्याय?

सत्त्याहत्तर साली उपवासातच एका रविवारी तिकडून मटणाचा वास आला. मी तावातावानं निघाले, तर वडिलांनी हात धरला.

‘गप बस. वासानं उपास मोडत नाही,’ म्हणाले, आणि खुर्ची ओढून खिडकीशी बसले.