रेजिनामावशीने ओढलेला दोर

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर फक्त चिडत आलोय. एकदा तर संपादकांना खरमरीत पत्रसुद्धा पाठवलं होतं - लोकांना शहाणं करायचं सोडून घाबरवता कशाला? भूत, अंगारा, चमत्कार, यातलं काही मी मानत नव्हतो. आजही मानत नाही. तरी लिहायला बसलोय, कारण जे घडलं ते मला सोडवत नाही... आणि ते माझ्या हट्टामुळे घडलं.

आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. वडील गिरणीत, युनियनमध्ये. मी अक्षरं जुळवायला शिकलो तीच 'कामगार बंधूंनो' या शब्दांवर. संपात गिरणी गेली, वडील घरी बसले आणि मी मरोळच्या एका छोट्या छापखान्यात कंपोझिंगला लागलो. आठवडाभर लग्नपत्रिका जुळवायच्या आणि रविवारी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं नाक्यावर वाटायची.

छापखान्यात मशिनवर विन्सी होता. मरोळ गावठाणातला ईस्ट इंडियन, घरात मराठीच बोलणारा, कॅथलिक. माझी पत्रकं फुकट छापून द्यायचा आणि वर म्हणायचा, "तू एक दिवस मार खाणार, साल्या. आणि मी छापलं म्हणून मला पण पडणार."

त्याच्या घरामागे एक विहीर होती. फळ्या टाकून बंद केलेली. विन्सी लहान असताना त्याचे वडील गाळ काढायला आत उतरले, ते जिवंत वर आले नाहीत. तेव्हापासून त्याच्या आईने, रेजिनामावशीने, परसात पाऊल टाकलं नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी, दारासमोर तांदळाचं पिंप. शेजारीपाजारी म्हणायचे, भर दुपारी आत बादली आपटते. मावशी रोज गावठाणातल्या क्रूसाजवळ मेणबत्ती लावायची, रोजरी म्हणायची, पण विहिरीचं नाव काढलं की तिचा चेहरा पांढराफटक व्हायचा.

विन्सीच्या बहिणीचं, ल्युसीचं लग्न ठरलं. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीसाठी पाणी आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. मावशीने सांगून टाकलं, पाणी नळाचं घ्यायचं.

"नळाभोवती बँड वाजवणार, मम्मी?" ल्युसी हसत म्हणाली. मग एकदम हसू थांबवून म्हणाली, "पप्पांच्या विहिरीचं असतं तर..."

मावशी उठून स्वयंपाकघरात गेली.

मला राहवलं नाही. लग्नाला दोन दिवस होते, घरात फुग्यांचं, म्हणजे त्यांच्या लग्नातल्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ मळणं चाललं होतं, आणि मी पाहुण्यासारखा न बसता मावशीला गाठलं.

"मावशी, देव आहे म्हणता ना?"

"आहेच."

"आणि विहिरीत भूतही आहे?"

ती पीठ मळत राहिली.

"दोन्ही कसं चालेल? देव मोठा असेल तर भूत कशाला घाबरवतंय तुम्हाला? एकाला तरी सोडा. नाहीतर सरळ सांगा, रोजरी नुसती तोंडाने म्हणते."

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. मावशीचे हात परातीत थांबले. "तू शिकलेला आहेस बाबा," ती म्हणाली. बस, एवढंच.

विन्सीने मला अंगणात ओढलं. "माझ्या आईला परत असं बोललास तर थोबाड फोडीन."

"फोड. पण फळ्या काढू या. उजेडात विहीर बघू दे तिला."

तो कबूल झाला, पण एका अटीवर. आत उतरायचं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, आम्ही फळ्या काढल्या. खाली काळं, स्थिर पाणी. तेवढ्यात मांडववाल्याची हाक आली, खुर्च्यांचा टेम्पो नाक्यावर अडकला होता. विन्सी धावला. बायका फुलं सजवायला चर्चमध्ये गेलेल्या. घरात एकटी मावशी.

मला वाटलं, तो यायच्या आत एक कळशी पाणी काढून मावशीपुढे ठेवावी. घ्या तुमचं भूत! कप्पी गंजून जाम झालेली, तिच्यावरून कळशी सोडता येईना. हाताने सोडली तर ती पाण्यावर नुसती तरंगली, बुडेना. मग दोर कप्पीवरून घेऊन खांबाला बांधला, दुसरं टोक कमरेला, आणि दगडातल्या खोबणींत पाय देत मी उतरलो.

वर्षानुवर्षं झाकलेल्या विहिरीत हवा कोंडते, विषारी होते. एवढं साधं विज्ञान मला ठाऊक होतं. विन्सीचे वडील त्यानेच गेले, हेही डॉक्टर सांगून गेला होता. पण माझ्या डोक्यात फक्त भुताला खोटं पाडायचं होतं. एक बाई इतकी वर्षं जीव तोडून 'तिथे जाऊ नका' सांगतेय, त्यात खरं काही असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. अडाणी भीती म्हणून मी तिचं सगळंच फेकून दिलं.

कळशी बुडवायला वाकलो आणि छाती आवळली. ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. पाय सुटले. दोराला लटकलो, एवढं आठवतंय. आणि एक आठवतंय - मी वर चाललोय. झटके नाहीत, हिसके नाहीत. पाळण्यातलं मूल उचलावं तसा.

शुद्धीवर आलो तेव्हा कठड्याजवळ पडलो होतो. बाजूला रेजिनामावशी भिंतीला टेकून बसलेली, ओठ हलत होते. दोन्ही तळहात सोलून निघालेले, लुगड्यावर रक्त. मागचं दार सताड उघडं, तांदळाचं पिंप आडवं.

विन्सी आला आणि दारातच रडायला लागला.

"मम्मी, तुला कोणी सांगितलं हा आत आहे?"

"कोणी नाय."

"मग?"

ती थांबून थांबून बोलली. आत पलंगावर रोजरी म्हणत होती. माझं बोलणं कालपासून मनात टोचत होतं. तिने देवाला सांगितलं, 'पोरगा खरं बोलला, मी तुझ्यावर पुरता भार टाकलाच नाय. आता टाकते.' आणि भीती गेली. ओझं कोणीतरी डोक्यावरून उतरवून घ्यावं, तशी. मग तिला वाटलं, उठावं आणि विहिरीकडे जावं. बस.

"आणि याला ओढलंस कसं?"

"दोर हलका होता रे," ती म्हणाली.

लग्नानंतर मी आणि विन्सीने त्याच दोराला माझ्या वजनाएवढं वाळूचं पोतं बांधून विहिरीत सोडलं. दोघे तरणे. जाम कप्पीवरून पोतं निम्म्यापर्यंतही आलं नाही, हात भरून आले. विन्सी म्हणाला, "बस झालं यार, सोड." मी कप्पी तपासली, दोर तपासला. जीव वाचवताना माणसात ताकद येते, हे मी वाचलंय. ते मान्य करतो. पण ती उठली कशी, त्याच वेळी? मी हाकही मारली नव्हती.

मला वर काढलं त्याच दिवशी संध्याकाळी ठरल्याप्रमाणे बँड आला. मावशी सगळ्यांच्या पुढे, हातांना पट्ट्या. कठड्यावरून वाकून तिने आत पाहिलं, कपाळापासून छातीवर क्रूसाची खूण केली. पाणी वरूनच बादलीने काढलं. ल्युसीची कळशी भरली. पट्ट्यांमुळे मावशीला ती उचलता येईना, ती दुसऱ्या कोणी तरी उचलली. मी लांब मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो. विहिरीजवळ जायला माझे पाय तयार नव्हते.

आजही नाहीत. उघडी विहीर दिसली की मी रस्ता बदलतो. मावशीच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत, त्याबद्दल तिने मला एका शब्दाने दोष दिलेला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

माझी भीती तिने बरोबर ओळखलीय. मागच्या महिन्यात म्हणाली, "देवावर टाक ना."

"मी मानत नाही, मावशी."

"ठाऊक आहे. म्हणून तुझ्यासाठी मीच सांगते त्याला. रोज."

माझ्या तत्त्वाप्रमाणे मी तिला म्हणायला हवं होतं, नका सांगू. शब्द ओठावर आलेही. मग त्या न मिटणाऱ्या बोटांत अडकलेली रोजरीची माळ दिसली, आणि मी गप्प बसलो. अजून गप्पच आहे.